'नाटककार' नाटक लिहितो की करतो?

नाटक लिहिणाऱ्याला इंग्रजीत 'प्लेराइट' म्हणतात, हे आपल्याला ठाऊक असते. पण हा शब्द फोनवर इंग्रजीत टाइप करायची वेळ आली की बोट अडखळते. 'राइट' म्हणजे लिहिणे, तेव्हा 'प्ले'च्या पुढे डब्ल्यू-आर-आय-टी-ई, असा सरळ हिशेब आपण करतो आणि फोन त्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो. कुणी 'कॉपीराइट'च्या चालीवर आर-आय-जी-एच-टी करून पाहतो. पुन्हा लाल रेघ. बरोबर स्पेलिंग आहे डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी. म्हणजे या शब्दातला 'राइट' लिहिण्याचाही नाही आणि हक्काचाही नाही. तो तिसराच आहे.

देवनागरीत तिन्ही 'राइट' सारखेच दिसतात, त्यामुळे मराठीत हा घोटाळा झाकला जातो. पण त्या तिसऱ्या 'राइट'चा अर्थ कळला की नाटक लिहिणारा माणूस नेमके काय करतो, याबद्दलची आपली समजूत जराशी हलते. गंमत अशी की इंग्रजीने स्पेलिंगमध्ये दडवून ठेवलेली ही गोष्ट मराठीतल्या 'नाटककार' या शब्दात अगदी उघड्यावर पडलेली आहे. रोज वापरातला शब्द असल्याने आपण तिच्याकडे पाहत नाही, इतकेच.

राइट बंधूंचा 'राइट'

हा तिसरा 'राइट' म्हणजे कारागीर, हाताने वस्तू घडवणारा. जुन्या इंग्रजीत 'काम करणे' या अर्थाच्या क्रियापदापासून 'काम करणारा' असा एक शब्द तयार झाला होता. उच्चार 'व्यूर्ख्ता' असा काहीसा. पुढे त्यातल्या 'र'ने आपली जागा सोडली आणि तो शब्दाच्या सुरुवातीकडे सरकला. आपल्याकडे 'नुकसान'चे बोलता बोलता 'नुसकान' होते, तसाच हा प्रकार. आजचा इंग्रजी 'वर्क' आणि हा 'राइट' ही एकाच घरातली भावंडे आहेत.

चाके करणारा तो व्हीलराइट, जहाजे बांधणारा शिपराइट, गाड्या करणारा कार्टराइट, गिरणीची यंत्रे बसवणारा मिलराइट. यातले काही शब्द पुढे आडनावे झाले. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचे आडनाव हेच. त्या दोघांचे सायकलींचे दुकान होते आणि पहिले विमान त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले, तेव्हा आडनाव त्यांना शोभूनही दिसले. आपल्या घरांच्या खिडक्यांना 'रॉट आयर्न'ची जाळी बसवतात, त्यातला 'रॉट' हाही याच कुळातला. 'रॉट' म्हणजे ठोकून-घडवून केलेले.

लिहिण्याचा जो 'राइट' आहे त्याचा मूळ अर्थ मात्र ओरखडे काढणे, कोरणे. आपल्या 'लिहिणे'चेही तसेच आहे. संस्कृत 'लिख्' म्हणजे ओरखडणे, खरवडणे. लाकडावर, पानावर, दगडावर टोकदार वस्तूने रेघा ओढायच्या, ते लेखन. तेव्हा फरक स्पष्ट आहे. एक जण रेघा ओढतो, दुसरा वस्तू घडवतो. इंग्रजी भाषेने नाटक करणाऱ्या माणसाला दुसऱ्या रांगेत, चाकवाल्या आणि जहाजवाल्यांच्या शेजारी बसवले.

अर्थात मानाने नव्हे. 'प्लेराइट' हा शब्द इंग्रजीत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागतो आणि सुरुवातीला त्याला टोमण्याचा वास आहे. शेक्सपिअरचा समकालीन बेन जॉन्सन याने १६१६ मध्ये आपल्या लेखनाचा जाडजूड ग्रंथ छापला. त्यातल्या काही छोट्या, बोचऱ्या कवितांत 'प्लेराइट' नावाच्या एका इसमाची यथेच्छ टर उडवलेली आहे. जॉन्सन स्वतःला कवी म्हणवून घेई. बाकीचे नाटकवाले म्हणजे खुर्च्या-टेबले ठोकणाऱ्यांसारखे नाटके ठोकणारे, असा त्याचा रोख.

यातला विनोद दुहेरी आहे. एक तर जॉन्सनचे सावत्र वडील गवंडी होते आणि त्याने स्वतः तरुणपणी विटा रचल्या होत्या. त्याचे विरोधक त्याला त्यावरूनच हिणवत. आणि दुसरे म्हणजे आपल्या त्या ग्रंथाला त्याने नाव दिले होते 'वर्क्स'. त्यावरूनही त्या काळी त्याची थट्टा झाली, कारण नाटकांना कुणी असे भारदस्त नाव देत नसे. 'वर्क' आणि 'राइट' एकाच मुळाचे, हे त्याच्या ध्यानी आले होते की नाही कोण जाणे. ज्या शब्दाने दुसऱ्यांना खाली पाडले, त्याच शब्दाच्या भावंडाने त्याने स्वतःला वर चढवले.

शेक्सपिअरचे वडील हातमोजे शिवणारे. इंग्रजी नाटकाच्या त्या सुवर्णकाळातले हे दोन मोठे लोक कारागिरांच्या घरांतून आलेले होते. टोमणा म्हणून आलेला शब्द पुढे मानाचा झाला, यात म्हणून मला नवल वाटत नाही.

युरोपातले दुसरे शब्दही हेच सांगतात. 'ड्रामा' हा ग्रीक शब्द 'करणे' या अर्थाच्या धातूपासून आला. ड्रामा म्हणजे केलेली गोष्ट, कृती. अलीकडे आपल्याही नाट्यवर्तुळात ऐकू येणारा 'ड्रामाटर्ग' हा ड्रामा आणि 'एर्गोन' म्हणजे काम, यांचा जोड आहे. एनर्जी, सर्जरी, मेटलर्जी या शब्दांत तेच 'एर्गोन' आहे. आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते 'एर्गोन' आणि 'वर्क' यांचे मूळ एकच. म्हणजे ड्रामाटर्ग आणि प्लेराइट या शब्दांची घडण तंतोतंत सारखी. आज मात्र त्यांची कामे वेगळी आहेत. जर्मनीत हॅम्बुर्गच्या नाट्यगृहात १७६७ मध्ये लेसिंगची नेमणूक झाली, तेव्हापासून ड्रामाटर्ग म्हणजे नाट्यसंस्थेचा चिकित्सक, सल्लागार असा अर्थ रूढ होत गेला.

कुंभार, सोनार, नाटककार

आता आपल्या शब्दाकडे येऊ. 'नाटक' हा शब्द 'नट'शी बांधलेला आहे आणि 'नट'चे नाते अभ्यासक नाचण्याच्या 'नृत्' या धातूशी जोडतात. पुढचा 'कार' आला 'कृ' म्हणजे करणे यापासून. नाटककार म्हणजे नाटक करणारा.

हा 'कार' आणखी कुठे आहे ते पाहा. कुंभ करणारा कुंभकार, त्याचा झाला कुंभार. सुवर्णकाराचा सोनार, लोहकाराचा लोहार, चर्मकाराचा चांभार. मराठीच्या तोंडात शतकानुशतके घोळून 'कार'चा 'आर' झाला. व्हीलराइट, शिपराइट, कार्टराइट यांची जशी इंग्रजीत रांग, तशीच ही आपली रांग. तिच्यात नाटककार, चित्रकार, शिल्पकार हे नंतर येऊन उभे राहिले. फारसीतून आलेले 'कारागीर' आणि 'कारखाना' यांतला 'कार' म्हणजे काम. तोही आपल्या 'कृ'चाच लांबचा चुलतभाऊ. (तेंडुलकर, खानोलकर यांच्या आडनावांतला 'कर' मात्र गावाचा. त्याचा इथे संबंध नाही. मराठीत एवढे 'कर' नाटककार निघाले हा केवळ योगायोग.)

इथे एक गोष्ट टोचते आणि ती बाजूला सारता येत नाही. जे 'कार' झिजून 'आर' झाले, त्यांच्या आपण जाती केल्या. जे संस्कृतातल्यासारखे सोवळे राहिले, त्यांना कलावंत म्हणून सभागृहात पुढच्या खुर्च्या दिल्या. प्रत्यय एकच, क्रियापद एकच. हाताने काम करणाऱ्याला खालचा आणि लेखणी चालवणाऱ्याला वरचा मानण्याची खोड जॉन्सनला होती, तशी ती आपल्यालाही आहे. आपली जास्त जुनी आणि जास्त खोल आहे. नाटककाराला 'कारागीर' म्हटले तर अनेकांना तो अपमान वाटतो, त्याचे कारण या खोडीत आहे. शब्दात अपमान काहीच नाही.

भरताच्या नाट्यशास्त्राला ती लाज नव्हती असे दिसते. त्या ग्रंथाच्या शेवटाकडे नाटकमंडळीतल्या माणसांची यादी येते. मुकुट करणारा, दागिने करणारा, माळा करणारा, कपडे रंगवणारा अशा सगळ्यांच्या सोबतीने त्यात 'नाट्यकार' येतो. वेगळी बैठक नाही, वेगळा पाट नाही.

आणखी दोन शब्द या बाजूने साक्ष देतात. नाटकाच्या आरंभी येणारा 'सूत्रधार' आपल्याला माहीत आहे. संस्कृतात हाच शब्द मोजमापाची दोरी धरणाऱ्या सुतारासाठीही होता, आणि मराठीतला 'सुतार' त्याच 'सूत्रधार'पासून घडला. दुसरा शब्द 'संहिता'. नाटकाच्या लिखित मजकुराला आपण संहिता म्हणतो आणि तो शब्द उच्चारला की वेद आठवतात, म्हणून तो फार पवित्र वाटतो. पण 'संहित' म्हणजे एकत्र ठेवलेले, जोडलेले. 'संधी' हा शब्द याच धातूपासून आणि त्यावरूनच आला आपला 'सांधा'. सुताराच्या लाकडी सांध्याचे आणि नाटकाच्या संहितेचे कूळ एक आहे.

संवाद म्हणजे नाटक नव्हे

हे सगळे व्युत्पत्तीचे कौतुक म्हणून सोडून देता आले असते. पण 'लिहिणारा' आणि 'करणारा' यातला फरक मराठी रंगभूमीच्या इतिहासात पहिल्याच पानावर उभा आहे.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' हे नाटक केले. ती तारीख आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो आणि भाव्यांना आद्य नाटककार म्हणतो. पण भाव्यांच्या नाटकात लिहिलेले काय होते? पदे. ती सूत्रधार गायचा. संवाद पात्रांनी प्रसंग ओळखून आपापल्या मनाने बोलायचे. भाव्यांची पदे 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने पुस्तकात आली ती १८८५ मध्ये. म्हणजे 'संवाद लिहून देणारा तो लेखक' ही आजची फूटपट्टी लावली, तर आद्य नाटककार नापास होतात. पण त्यांनी कथेचे प्रवेश पाडले, कुणी कधी यायचे ते ठरवले, गाणे आणि बोलणे यांची वीण घातली, नटमंडळी तयार केली. त्यांनी नाटक केले. भावे लाकडाच्या बाहुल्याही घडवायचे. त्यांच्या त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी पुन्हा नाचवल्या. हातात लाकूड धरणारा माणूस आपला पहिला नाटककार ठरावा, हे 'प्लेराइट' या शब्दाचे यापेक्षा चांगले उदाहरण इंग्रजांनाही सापडणार नाही.

संपूर्ण लिहिलेली नाटके त्यानंतर आली आणि लोकांनी त्यांना नाव दिले 'बुकिश' नाटके. वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे १८६१ चे नाटक त्यातले महत्त्वाचे. 'बुकिश' या नावात किंचित नाक मुरडणे होते. पुस्तकातून पाठ केलेले, म्हणून बुकिश. आज आपल्याला पुस्तकाबाहेरचे नाटक म्हणजे विचित्र वाटते, तेव्हा उलटे होते. सिंधुदुर्गातला दशावतार पाहिला आहे का? तिथे नट आजही कथा ठरवून संवाद रंगमंचावर रचतात. त्या प्रेक्षकाला 'लेखक कोण' हा प्रश्न पडत नाही.

कीर्तन्यांच्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. त्या काळात त्याचा प्रयोग झाला नाही आणि शतकाहून अधिक काळ ते छापलेही गेले नाही. मग फुले नाटककार की नुसते लेखक? माझे उत्तर स्वच्छ आहे: नाटककार. कारण त्या नाटकात प्रसंगांच्या मध्ये विदूषक येतो, समोर चाललेल्या फसवणुकीवर बोलतो, प्रेक्षकाला बाजूला घेतो. नुसता विचार मांडायचा असता तर निबंध पुरला असता, आणि निबंध फुल्यांना उत्तम लिहिता येत होता. प्रेक्षक समोर धरून विदूषकाची जागा आखणे हे घडवणाऱ्याचे काम आहे. रंगमंच मिळाला नाही हा दोष त्या काळाचा.

अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ चे नाटक. त्यातले संवाद सगळ्यांच्या लक्षात राहतात. पण नाटक उभे आहे ते एका युक्तीवर. गावात प्रयोगाला आलेली मंडळी वेळ घालवायला खोट्या खटल्याचा खेळ खेळतात आणि खेळता खेळता बेणारेबाईंचे खासगी आयुष्य खरोखरच पिंजऱ्यात उभे राहते. खेळ कुठे संपतो आणि शिकार कुठे सुरू होते, तो सांधा इतका घट्ट बसवलेला आहे की प्रेक्षकाला तो दिसत नाही. हे काम एका वाक्याचे नाही. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये मेलेला भाऊराव कीर्तनकाराच्या बाजात स्वतःच्या मरणाची कथा सांगतो. ही निवड झाली, तिथेच अर्धे नाटक घडले. संवाद नंतर आले असणार, किंवा बरोबर. पण कीर्तन काढून घ्या, आणि उरेल ती एक चांगली विनोदी गोष्ट.

नाव गेले की काय जाते

शनिवार-रविवारच्या नाटकांच्या जाहिराती उघडा. 'लेखक' असे छापलेले असते. 'नाटककार' हा शब्द आपण पुरस्कारांसाठी, शोकसभांसाठी आणि पाठ्यपुस्तकांसाठी राखून ठेवला आहे. तीसेक नाटके लिहून, केस पांढरे झाले की माणूस नाटककार होतो. तोवर तो लेखक.

याला कुणी नम्रता म्हणेल. मला ही नम्रता खोटी वाटते. सोनाराच्या मुलाने पहिली अंगठी घडवली की तो सोनारच असतो, कच्चा असेल. 'नाटककार' हे धंद्याचे नाव आहे, पदवी नव्हे. आपण त्याची पदवी केली आणि रिकाम्या झालेल्या जागी 'लेखक' आणून बसवला. मग हळूहळू त्या लेखकाचे काम संवाद पुरवण्यापुरते उरले. 'विषय आमचा आहे, तुम्ही फक्त लिहून द्या' हे वाक्य नाट्यक्षेत्रात वावरणाऱ्याने ऐकले नसेल असे होणार नाही.

मध्यंतरी एका एकांकिका स्पर्धेची निमंत्रणपत्रिका व्हॉट्सॲपवर आली. प्रायोजक, प्रमुख पाहुणे, परीक्षक, ध्वनिव्यवस्था करणारे, सगळ्यांची नावे ठसठशीत. सात एकांकिकांची नावे, महाविद्यालयांची नावे. लिहिणाऱ्यांची नावे नाहीत. संयोजकांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. जागा पुरली नसेल. पण जागा कमी पडली की पहिल्यांदा कोण बाहेर जातो, यावरून घरातली पत कळते.

नाव न छापण्याची किंमत मोठी असते, याला दोन जुने दाखले आहेत. शेक्सपिअरची सुरुवातीची नाटके छापली गेली तेव्हा मुखपृष्ठावर नाटकमंडळीचे नाव असे, त्याचे नसे. १५९८ मध्ये पहिल्यांदा एका नाटकाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव आले. त्याच्या मृत्यूनंतर दोन नट-मित्रांनी पुढाकार घेऊन १६२३ मध्ये ३६ नाटकांचा ग्रंथ काढला. तो निघाला नसता तर 'मॅकबेथ' आपल्या हाती आले नसते, कारण ते तोवर छापलेच गेले नव्हते.

दुसरा दाखला आपल्याकडचा. कालिदासाने 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेत भासाचा उल्लेख आदराने केला आहे, तो असा, की भासासारखे नामवंत असताना या आजच्या कवीचे नाटक का करायचे? एवढा मोठा भास, पण त्याची नाटके हरवलेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टी. गणपतिशास्त्री यांना त्रावणकोरच्या परिसरात हस्तलिखिते सापडली आणि १९१२ पासून १३ नाटके प्रसिद्ध झाली. ती भासाचीच असे त्यांनी मांडले. पण त्या नाटकांच्या आरंभी सूत्रधार येतो आणि कवीचे नाव सांगत नाही. कालिदासाचा सूत्रधार सांगतो, यांचा नाही. तेवढ्या एका न उच्चारलेल्या नावामुळे ती नाटके खरोखर कुणाची, हा वाद शंभर वर्षे चालू आहे. 'ऊरुभंग' पाहताना ज्याच्या कारागिरीने आपण थक्क होतो, त्याच्यापुढे आजही अनेक अभ्यासक प्रश्नचिन्ह ठेवतात.

कायदा कारागिराला ओळखतो

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाट्यकृती हा प्रकार वेगळा मोजलेला आहे. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. संहिता लिहून झाली की हक्क जन्माला येतो. आणि त्या कायद्याचे ५७ वे कलम मला विशेष महत्त्वाचे वाटते. हक्क विकून टाकले तरी 'ही कृती माझी आहे' असे सांगण्याचा, आणि आपल्या नावलौकिकाला धक्का लागेल अशी मोडतोड झाली तर हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. खुर्ची विकल्यावर सुताराला असा हक्क नसतो. नाटककाराला आहे. तेव्हा 'पैसे दिलेत ना, मग नाव कशाला' या युक्तिवादाला कायद्यात जागा नाही. पहिली एकांकिका देणाऱ्या मुला-मुलींना हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगितले.

यावर दिग्दर्शक मंडळींची एक तक्रार असते आणि ती रास्त आहे. नाटक तालमीत घडते. नट एखादे वाक्य असे बोलतो की पुढची चार वाक्ये निरुपयोगी होतात. मग घडवणारा एकटा नाटककार कसा?

एकटा नाहीच. 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये पुण्यात उभे राहिले ते तेंडुलकरांच्या संहितेवर, पण जब्बार पटेल, भास्कर चंदावरकर आणि कृष्णदेव मुळगुंद यांच्याशिवाय त्या नाटकाची कल्पना करून पाहा. जमत नाही. जहाजही एकटा बांधत नाही. पण ज्याने सांगाडा उभा केला त्याचे काम त्यामुळे पुसले जात नाही. आणि ज्या संहिता तालमीत खरोखर सगळ्यांनी मिळून रचल्या, तिथे तसे स्पष्ट छापावे. एकाचे नाव उगाच चिकटवू नये. हाही त्याच न्यायाचा भाग.

'कार' या प्रत्ययाचे ओझे मात्र नाटककारानेही उचलायला हवे. खुर्ची दिसायला कितीही सुंदर असली तरी बसल्यावर मोडली तर ती सुताराची चूक. 'माझ्या वाक्यातला स्वल्पविरामही बदलायचा नाही' असे म्हणत तालमीला न येणारा, प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेत बसून लोक कुठे चुळबुळतात ते न पाहणारा माणूस लेखक असेल. गो. ब. देवल नटांना तालमी देत, नाट्यकलेचे शिक्षक म्हणून त्यांचा दबदबा होता. त्यांच्या 'शारदे'तले बोलणे आजही जिभेवर सहज बसते, त्याचा या सवयीशी संबंध आहे असे मला वाटते.

इंग्रजीत एक विसंगती शिल्लक आहे. करणारा 'प्लेराइट' डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी, पण त्याच्या कामाला 'प्लेरायटिंग' म्हणताना मात्र स्पेलिंग लिहिण्याचेच वापरतात. माणूस कारागीर, काम लेखन. आपल्याकडेही 'नाट्यलेखन कार्यशाळा' भरतात. कार्यशाळा म्हणजे खरे तर कामाची जागा, जिथे भुसा पडतो. पण बहुतेक ठिकाणी वीस-पंचवीस मुले वह्या घेऊन खुर्च्यांवर बसतात, दोन दिवस व्याख्याने ऐकतात आणि प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन नट बोलवा. मुलांनी रात्री लिहिलेले पान त्यांच्या हातात द्या आणि त्यांना उभे राहून बोलायला सांगा. कुठले वाक्य तोंडात अडकते, कुठल्या पात्राला उभे राहायला कारणच दिलेले नाही, हे लिहिणाऱ्याला तिथल्या तिथे दिसेल. मग त्याला पेन्सिल द्या आणि दुपारपर्यंत एकटे सोडा.